बाई, पाणी प्यायला जाऊ?

‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ एका तासात दोनदा. पुढच्या तासाला ‘बाई, लघवीला जाऊ?’ दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात वर्ग हसू लागतो आणि बाई म्हणतात, ‘बस खाली. मधल्या सुट्टीत जा.’

हा प्रसंग परतवाड्यातला, माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा. तो तेव्हा तिसरीत होता. त्या बाईंना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटले असते, आणि मी तर जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. घरच्यांनाही कुठे कळले? चड्डी कमरेवरून घसरू लागली तेव्हा आजी म्हणाली, ‘उन्हाळा बाधला.’ तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भराभर चालू लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला. परतवाड्याहून अमरावती पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथे रक्तातील साखर मोजली तेव्हा आकडा पाचशेच्या पुढे होता.

मूल वाचले. पण त्या दिवसापासून त्या घरात आईवडिलांच्या अंगावर एक वेगळेच काम येऊन पडले. आपल्या शरीरातील एक अवयव हे काम क्षणोक्षणी, आपल्या नकळत करत असतो. ते काम हाताने, मीटरने, सिरिंजने आणि आता मोबाइलने करायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते या लेखात पाहू. दिवसातले पाच-सहा तास हे मूल आईवडिलांजवळ नसते, ते तुमच्या वर्गात असते. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटला.

हा कोणता मधुमेह?

बातमी कळल्यावर शेजारीण म्हणाली, ‘गोड लय खाऊ घालत असान तुम्ही त्याले.’ आजीचा प्रश्न दुसरा होता : ‘आपल्या घरी तं कोनालेच नाही, मंग ह्याले काऊन झाला?’

आजीचा प्रश्न अधिक शास्त्रीय आहे. मोठ्या वयात सहसा आढळतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात शरीर इन्सुलिन बनवते, पण ते पुरे पडत नाही. मुलांमध्ये बहुधा आढळतो तो पहिल्या प्रकारचा. यात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच स्वादुपिंडातील बीटा पेशींवर हल्ला करते. इन्सुलिन बनवण्याचे काम याच पेशी करतात. त्या बहुतांशी नष्ट झाल्या की इन्सुलिन जवळजवळ संपते. याचा गोड खाण्याशी संबंध नाही आणि घरात आधी कुणाला असायलाच हवा असेही नाही. आपल्याकडच्या मुलांचा हा आजार पाश्चात्त्य मुलांच्या आजारासारखाच आहे का, असाही प्रश्न होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनचे एक्सेटर विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२० मध्ये याविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपीय लोकांवरून बनवलेली जनुकीय मोजपट्टी भारतीय रुग्णांतही पहिला प्रकार बऱ्यापैकी ओळखू शकते, असे त्यांना दिसले. तशी खास भारतीय बारकाव्यांची गरज आहे, हेही दिसले.

इन्सुलिन नसले की रक्तात ग्लुकोज असूनही पेशींना ते नीट वापरता येत नाही. भरल्या कोठारापुढे उपाशी राहावे तसे. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडे ती सगळी परत शोषून घेऊ शकत नाहीत. साखर लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त आणि म्हणून तहान जास्त. पेशी उपाशी राहिल्या की शरीर चरबी जाळू लागते, म्हणून वजन घटते. चरबी जाळताना तयार होणारी आम्ले रक्तात साठली की उलट्या, खोल श्वास आणि तो फळासारखा वास. म्हणजे आमच्या भाच्याचे ‘पाणी प्यायला जाऊ?’ हे आजाराचे पहिले पत्रच होते. आम्हा कुणालाच ते वाचता आले नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील अशी मुले सव्वादोन लाखांहून अधिक आहेत. तेव्हा हे आपल्या वर्गात कधीच येणार नाही, असे कुणाही शिक्षकाला म्हणता येणार नाही.

अर्धा चमचा साखर

एक हिशेब करू. तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे सव्वादोन लिटर रक्त असते. साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर एकूण रक्तातील ग्लुकोज किती? २२.५ डेसिलिटर गुणिले १०० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. अर्धा चमचा साखर! आणि एका ज्वारीच्या भाकरीत, पन्नास ग्रॅम पीठ धरले तर, सुमारे पस्तीस ग्रॅम कर्बोदके असतात. त्यांचे शेवटी ग्लुकोजच होते. एका जेवणात रक्तातल्या साठ्याच्या पंधरा-वीसपट ग्लुकोज येते आणि तरीही निरोगी माणसात ती पातळी साधारण ७० ते १४० मध्येच राहते. ही किमया स्वादुपिंड करते : दर मिनिटाला मोजायचे, आणि मोजून तेवढेच इन्सुलिन सोडायचे.

आईवडिलांना हीच दोन कामे करायची असतात. मोजायचे आणि द्यायचे. देण्याची सोय आधी झाली. टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. मॅक्लिओड आणि जेम्स कॉलिप यांच्या प्रयत्नांतून जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. पहिला अर्क नीट चालला नाही. कॉलिपने शुद्ध केलेला दुसरा अर्क बारा दिवसांनी दिला, तो चालला. त्याआधी हा आजार झालेली मुले बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत. मोजण्याची सोय मात्र घरापर्यंत यायला आणखी अर्धे शतक लागले.

निळ्यापासून विटकरीपर्यंत

बेनेडिक्टचे द्रावण तुमच्या प्रयोगशाळेत असेल. त्यातील तांब्याच्या क्षारामुळे ते निळे दिसते. ग्लुकोज घालून तापवले की तांब्याचे क्षपण होते आणि ग्लुकोजच्या प्रमाणानुसार रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी होतो. आपण हा प्रयोग शर्करा ओळखण्यासाठी करतो. एके काळी कित्येक घरांत आया हाच प्रयोग रोज सकाळी चुलीपाशी करत. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचे.

या पद्धतीत दोन उणिवा होत्या. लघवीत साखर १८० च्या वर गेल्यावरच उतरते, आणि लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असते. म्हणजे निळा रंग आला तर साखर १५० आहे की ४० आहे, हे कळत नाही. आणि विटकरी आला तर ती आताची साखर नसून मागच्या काही तासांची असते. कालच्या वर्तमानपत्रावरून आज छत्री घ्यायची की नाही ते ठरवण्यासारखे.

रक्ताच्या थेंबावरून रंग बदलणारी पट्टी १९६० च्या दशकात आली आणि तिचा रंग वाचणारे यंत्र १९७० मध्ये. हे यंत्र दवाखान्यांसाठी होते. रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकन अभियंत्याला स्वतःलाच हा मधुमेह होता. त्याने आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर ते मिळवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून इन्सुलिन ठरवू लागला. डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही, तेव्हा पंचेचाळिशीत तो स्वतःच वैद्यकीय शिक्षण घ्यायला गेला. वारंवार मोजून दिलेल्या इन्सुलिनचा फायदा निर्विवाद सिद्ध झाला तो १९९३ मध्ये. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला.

कांद्यावरची बुरशी आणि संत्र्याचा हात

आजचा मीटर रंग पाहत नाही, वीज मोजतो. जुन्या कांद्यावर काळी बुरशी तुम्ही पाहिली असेल. तिचे नाव ॲस्परजिलस नायजर. तिच्याकडून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर म्हणजेच एन्झाइम मिळते. रक्तात शेकडो पदार्थ असतात, पण हे विकर नेमके ग्लुकोजलाच पकडते आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. पट्टीवरील एक मध्यस्थ रसायन हे इलेक्ट्रॉन विद्युतअग्रापर्यंत पोचवते. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. लेलँड क्लार्क यांनी विकर आणि विद्युतअग्र यांची जोडी १९६२ मध्ये मांडली, आणि १९८७ मध्ये पेनाएवढा पहिला मीटर बाजारात आला.

पट्टीला रक्त किती लागते? अर्धा ते एक मायक्रोलिटर. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज. आता ऐका एका संध्याकाळची गोष्ट. भाच्याचा आकडा आला ३१०. आई घाबरली, इन्सुलिन भरू लागली. वडील आरागिरणीवर हिशेब लिहितात. आकडा पटला नाही की मागे जाण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी विचारले, ‘हात धुतला होता काय?’ पोराने नुकतेच संत्रे सोलले होते! हात धुऊन पुन्हा मोजले, १२८.

संत्र्याच्या रसात एका मायक्रोलिटरला साधारण वीस मायक्रोग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे बोटावर रसाचा एका मायक्रोलिटरचा विसावा भाग राहिला तरी आकडा शंभरने फुगतो. जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये फळे सोललेल्या हातांवर हेच तपासले. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही, साध्या पाण्याने धुतलेच पाहिजे, असे त्यांना आढळले. त्या संध्याकाळी ३१० ला धरून इन्सुलिन दिले असते तर काय झाले असते, हे पुढे कळेल.

आणखी एक गोष्ट. प्रमाणित मीटरलाही शंभराच्या खाली १५ मिलिग्रॅमची आणि शंभराच्या वर १५ टक्क्यांची चूक मान्य असते. म्हणून ११२ आणि १०४ यांत फरक आहे असे समजू नये. मापनातील त्रुटी हा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

बापाची युक्ती

बोटाला दिवसातून पाच-सहा वेळा टोचले तरी ती पाच-सहा छायाचित्रेच. मधल्या वेळात काय झाले ते दिसत नाही. यावर उपाय म्हणून १९९९ पासून सतत मोजणारे सेन्सर आले. दंडावर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती चिकटवतात. तिचा केसासारखा तंतू त्वचेखाली सुमारे पाच मिलिमीटर जातो. त्यावरही तेच, बुरशीचे विकर. पण तो रक्तात नसतो, पेशींमधल्या द्रवात असतो. रक्तातली साखर तिथे पोचायला पाच-दहा मिनिटे लागतात, तेवढा हा आकडा मागे असतो. शिवाय मूल त्या दंडावर झोपले तर तिथला द्रव दबून आकडा उगाच खाली दिसतो. मनात शंका आली की बोट टोचायचेच.

न्यूयॉर्क राज्यातील जॉन कोस्टिक या संगणक अभियंत्याच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये हा आजार निघाला. मुलाला सेन्सर बसवला. त्याचा आकडा एका छोट्या यंत्राच्या पडद्यावर दिसे, पण ते यंत्र मुलाजवळ असे आणि मूल पाळणाघरात. वडिलांना कामावर बसून काही दिसेना. २०१३ मध्ये त्यांनी त्या यंत्रातून आकडे काढून फोनवाटे महाजालावर पाठवणारी आज्ञावली स्वतः लिहिली आणि ती इतरांनाही मोफत दिली. लेन डेसबरो हे नियंत्रण अभियंते. त्यांच्याही मुलाला हाच आजार. त्यांनी या कामाला हातभार लावला आणि ‘नाइटस्काउट’ हे नाव दिले : रात्रीचा पहारेकरी. कंपन्यांची वाट पाहत बसणार नाही, असे म्हणत हजारो पालक यात आले. पुढे कंपन्यांनीही हीच सोय आपल्या सेन्सरमध्ये दिली. आज परतवाड्यातल्या वर्गात बसलेल्या मुलाचा आकडा घरी आईच्या फोनवर दिसू शकतो, त्यामागे हा इतिहास आहे.

आकड्याशेजारी एक बाण असतो. तो आकड्याइतकाच महत्त्वाचा. समजा खेळाच्या तासाआधी साखर १२० आहे. बाण आडवा असेल तर काळजी नाही. पण बाण खाली असेल आणि मिनिटाला २ मिलिग्रॅमने घसरण चालू असेल तर अर्ध्या तासात ती ६० होईल. आलेखाचा चढ-उतार कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्या मुलांना हे सांगा.

पाटाचे पाणी

आकडा दिसतो, मग अडचण काय? अडचण विलंबाची. आमच्याकडे संत्र्याच्या बागेला पाटाने पाणी देत. वर दांड फोडला की पाणी शेवटच्या झाडापर्यंत यायला वेळ लागतो. नवखा माणूस झाडापाशी उभा राहून ओरडतो, ‘अजून आलं नाही, आणखी फोड!’ पाणी येते तेव्हा एकदम येते आणि आळी फुटून वाहून जातात.

जलद म्हणवणारे इन्सुलिनही त्वचेखाली टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी काम सुरू करते, तास-दीड तासाने त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि चार तासांपर्यंत त्याचे शेपूट उरते. सुरुवातीच्या दिवसांत एका रात्री अकराला आकडा २६० होता, बहिणीने इन्सुलिन दिले. बाराला २४०. तिने पुन्हा दिले. तीनला ५८. दोन्ही पाट एकदम येऊन पोचले होते. मूल घामाने भिजले होते आणि असंबद्ध बोलत होते. साखरपाणी पाजून निभावले. ३१० च्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिले असते तर याहून वाईट झाले असते, कारण तिथे साखर मुळात वाढलेलीच नव्हती. जास्त साखर शरीराला वर्षानुवर्षे पोखरते, कमी साखर मात्र मिनिटांत मेंदूला उपाशी ठेवते.

सेन्सर, इन्सुलिनचा पंप आणि मधे हिशेब करणारा संगणक जोडला, की हे काम बरेचसे आपोआप होते. डेना लुइस आणि स्कॉट लीब्रँड यांनी घरी बनवलेल्या अशा जुळणीची कृती २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि २०१६ मध्ये अमेरिकेत कंपनीच्या अशा पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. पण त्यालाही जेवताना सांगावे लागते, कारण पाटाचा विलंब संगणकालाही चुकत नाही.

सिरिंजवरच्या रेघा

पंप आपल्याकडे फार थोड्या घरांत आहेत. बहुतेक घरांत कुपी आणि सिरिंज. इथे एक साधी पण जीवघेणी चूक होऊ शकते. भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असते, पेनमधील १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी.

४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरले तर काय होईल? आकारमान ०.१ मिलिलिटर, म्हणजे फक्त ४ युनिट. उलट, १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरले तर आकारमान ०.२५ मिलिलिटर, म्हणजे २५ युनिट! पहिल्या चुकीत साखर वाढेल, दुसरीत मूल बेशुद्ध पडेल. हे गणित सातवीच्या समप्रमाणाचे आहे. ज्या घरात ते येते, ते घर अधिक सुरक्षित.

माठातले औषध

इन्सुलिन हे प्रथिन आहे, ते उष्णतेने बिघडते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या, पण गोठू द्यायच्या नाहीत. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. वापरात असलेली कुपी साधारण २५ ते ३० अंशांखाली चार आठवडे चालते. मे महिन्यात परतवाड्याचा पारा ४३-४४ वर जातो. दुपारी वीज गेली की फ्रिज नुसते कपाट. आणि मेळघाटातल्या पाड्यावर तेही कपाट बहुधा नसते.

इथे माठ उपयोगी पडतो. ओल्या मातीतून झिरपलेल्या पाण्याचे बाष्प होताना प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. किती थंडावा मिळेल हे हवेच्या आर्द्रतेवर ठरते. तापमान ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. माठ तिथपर्यंत पूर्ण उतरत नाही, पण सावलीत, वारा लागेल असा ठेवला तर त्याच्या जवळपास येतो. पावसाळ्यात ३२ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला हाच तापमापक सुमारे ३० दाखवतो. तेव्हा माठाचा उपयोग नाही, मात्र तेव्हा हवाही भाजणारी नसते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याला ही युक्ती जुळते, कोकणात जुळली नसती.

मातीच्या भांड्यांची अशी रीतसर मोजणी वेगवेगळ्या उष्ण देशांत झाली असून तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. माझ्या बहिणीकडे दोन माठ आहेत. मोठ्यात ओली वाळू, वाळूत छोटा माठ, त्यात झाकणाच्या डब्यात कुपी आणि एक तापमापक. सकाळ-संध्याकाळचे आकडे ती वहीत लिहिते. सेन्सर आणि फोनइतकेच हेही तंत्रज्ञान आहे, असे मी मानते.

खर्चाचा हिशेब

एक पट्टी वीस रुपये धरली आणि दिवसाला पाच लागल्या, तर महिन्याला तीन हजार झाले. इन्सुलिन आणि सुया वेगळ्या. सेन्सर दोन आठवडे टिकतो आणि त्याची किंमत हजारांत असते. आरागिरणीच्या पगारात तो बारमाही परवडत नाही. बहिणीने ठरवले आहे की वार्षिक परीक्षा, आजारपण, लग्नकार्य अशा वेळी सेन्सर लावायचा आणि एरवी पट्टी. बारमाही नसला तरी त्या दोन आठवड्यांच्या आलेखातून पुष्कळ शिकता येते : पोह्यांनी साखर किती लवकर चढते, भाकरीने किती सावकाश, खेळल्यानंतर रात्री किती उतरते.

ज्यांना पट्टीही परवडत नाही त्यांच्यासाठी नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ‘ड्रीम ट्रस्ट’ स्थापन केला. गरीब घरांतील मुलांना इन्सुलिन आणि इतर साहित्य देण्याचे, त्यांना शिकवण्याचे काम त्यांनी उभे केले. मराठवाड्यात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था असेच काम करते. गावात असे मूल असेल तर पालकांना हे पत्ते देणे, हीसुद्धा शिक्षकाने केलेली मोठी मदत ठरते.

शाळेत काय हवे?

फोन आकडा दाखवतो, साखर पाजत नाही. ती पाजायला शेजारी माणूसच लागतो. आणि नेटवर्क गेले, फोनची बॅटरी संपली, तर फोन गप्प होतो. गप्प फोन म्हणजे साखर ठीक, असा अर्थ नव्हे. म्हणून वर्गातल्या मोठ्या माणसाला काही गोष्टी ठाऊक हव्यात.

मूल एकाएकी घामाघूम झाले, थरथरू लागले, चिडले, गोंधळले, येत असलेले साधे गणित चुकू लागले, तर साखर कमी झाली असावी असे समजा. मोजता आले तर मोजा, सत्तरच्या खाली असेल किंवा मोजण्याची सोय नसेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. रक्तात अर्धा चमचाच साखर असते, मग तीन चमचे का? कारण ती शरीरभर पसरते आणि टोचलेले इन्सुलिन तिला पेशींत ढकलत राहते. अशा मुलाला एकट्याने घरी किंवा नळावर पाठवू नका. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि रुग्णालयात न्या.

पाणी आणि लघवी यांसाठी त्याला कधीही अडवू नका. डबा वेळेवर खाऊ द्या, मधल्या सुट्टीपर्यंत थांबवू नका. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली. साध्या चाचणी परीक्षेत ही परवानगी द्यायला आपल्याला कुणाच्या परिपत्रकाची गरज नसावी. आणि आजार लपवावा लागणार नाही असे वातावरण ठेवा. मुलगी असेल तर लग्नाच्या भीतीने घरचेच लपवू पाहतात. लपवलेला आजार शाळेत मदतीला मुकतो.

आमचा भाचा आता सातवीत आहे. सेन्सर लावलेल्या एका आठवड्यात त्याने फोन बंद करून दप्तराच्या तळाशी ठेवला. घरी आल्यावर आई रागावली, तेव्हा तो म्हणाला, ‘मी काय खाल्लं ते माह्याआधी तुह्या फोनले कळते. मंग मी कायले सांगू?’ रात्री तीनदा उठणाऱ्या आईची भीती खरी होती आणि बारा वर्षांच्या मुलाचा संकोचही खरा होता. शेवटी वर्गशिक्षकांनी मध्यस्थी केली. ठरले ते असे : फोन सुरू ठेवायचा, पण शिक्षकांच्या टेबलाच्या खणात. सत्तरच्या खाली गेल्याशिवाय आईने शाळेत फोन करायचा नाही. गेला तर आधी मुलाने स्वतः साखर घ्यायची आणि शिक्षकांना सांगायचे. पंधरा मिनिटांत आकडा चढला नाही तरच आईने फोन करायचा. या वर्षी आतापर्यंत आईला दोनदाच फोन करावा लागला.

वर्गात करून पाहा

एक. मोठ्या आणि छोट्या मातीच्या भांड्यांमध्ये वाळू भरून ती ओली करा. आत एक तापमापक, बाहेर सावलीत दुसरा. मार्च, मे आणि जुलैमध्ये आठवडाभर दुपारच्या नोंदी घ्या. कोणत्या महिन्यात फरक सर्वात जास्त आणि का?

दोन. बेनेडिक्टचे द्रावण घेऊन ग्लुकोजच्या पाण्याची पाच वेगवेगळी प्रमाणे तपासा. रंगांवरून न सांगता दिलेल्या सहाव्या द्रावणाचे प्रमाण ओळखायला सांगा. दोन मुलांची उत्तरे किती वेगळी आली ते फळ्यावर लिहा.

तीन. सर्वांच्या डब्यांतील कर्बोदकांचा अंदाज करा : फुलका साधारण पंधरा ग्रॅम, मध्यम संत्रे बारा, केळे पंचवीस. वर्गात मधुमेह असलेले मूल असेल तर या खेळात तेच सर्वांत तरबेज निघेल. त्या दिवशी त्याला फळ्याजवळ बोलवा.